गाडीचं डोकं

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणातल्या कडुनिंबाने एक मोटार बंद पाडली. पानं समोरच्या काचेखालच्या खाचेत साचली, पाणी जायचं भोक बुजलं आणि तुंबलेलं पाणी शेजारच्या काळ्या डब्यात शिरलं. त्या डब्यात इंजिनाचा कॉम्प्युटर होता. चूक आमचीच. गाडी तीन वर्षं त्याच झाडाखाली उभी, आणि ती खाच झाडून काढायचं कुणालाच सुचलं नाही.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. २००४ साली परदेशातून तयार होऊन आलेली, १.८ लिटरचं टर्बो इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. पुण्यातली नोकरी संपल्यावर भाऊ गाडीसकट वाशीमला परत आला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. पुतण्या दर रविवारी ती चालू करून एक चक्कर मारून आणायचा. बापाच्या आठवणीला त्याच्याकडे तेवढंच होतं.

आमच्या मेकॅनिकने डबा उघडला, आतली हिरवट बुरशी दाखवली आणि म्हणाला, "गुरुजी, हे डोकंच गेलं गाडीचं. बाकी सगळं चांगलं हाय, पन याले माह्याकडं इलाज नाई."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. पण "गाडीचं डोकं" हा शब्दप्रयोग मनात घर करून बसला, आणि हे डोकं गाडीत आलं कधी ते शोधायला लागलो.

आमच्या तरुणपणी ते ड्रायव्हरच्या आणि मेकॅनिकच्या खांद्यावर असे. अँबेसेडर काय, फियाट काय, कार्ब्युरेटर अडकला की मेकॅनिक जेट काढून तोंडाने फुंकायचा आणि गाडी चालू. १९६७ साली जर्मनीच्या बॉशने फोक्सवॅगनच्या गाड्यांत पेट्रोलचं माप ठरवणारा विजेचा डबा बसवला. कारण होतं अमेरिकेतले धुराचे नवे कायदे. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही कामं एकाच डब्याकडे गेली. आपल्याकडे हे सगळं फार उशिरा आलं. १९९९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि त्यानंतरचे भारत स्टेजचे नियम यांनी कार्ब्युरेटर निकालात काढला. म्हणजे तिकडेही आणि इकडेही डोकं आलं ते धुरामुळे, वेगामुळे नव्हे. मला ही गोष्ट गमतीची वाटली.

टर्बोचं मात्र वेगळं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, १९०५ सालच्या पेटंटमधली. पण कोंबलेली हवा तापते, पेट्रोल वेळेआधी पेटतं, आत ठोके पडतात आणि प्रसंगी पिस्टन वितळतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. ठोके टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक भरायला विसरत! पुढे १९८० च्या सुमारास स्वीडनच्या साबने इंजिनाला जणू कान दिला. ठोका ऐकू आला की दाब आपोआप कमी. तेव्हा साध्या गाडीचं डोकं बिघडलं तर ती फार तर अडेल, टर्बो गाडीचं बिघडलं तर इंजिन जाईल. म्हणून कुणाचंही डोकं आणून बसवता येत नाही.

शोध सुरू झाला. तो भाग नव्याने बनत नाही, हे पहिल्याच फोनवर कळलं. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात तशाच गाडीचा जुना डबा मिळत होता. पण चोरी होऊ नये म्हणून किल्ली, काटे आणि डबा यांचं संगनमत केलेलं असतं. परकी किल्ली दिसली की इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडतं. मेलेल्या डब्यातली ओळख काढून जिवंत डब्यात भरता येते. पण आमच्या डब्यातली ती चिपही बुरशीने खाल्ली होती.

तिसरा मार्ग म्हणजे बाहेरचा, आपण शिकवू तसा वागणारा डबा. २००१ साली ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा असा डबा काढला. नकाशा सगळ्यांना खुला, सुटे भाग घेऊन घरी डाख द्या आणि बसवा. आता त्या जातीचे पुष्कळ डबे मिळतात. आमची अडचण एवढीच की या गाडीत ॲक्सिलरेटरला केबलच नाही, पायाचा निरोपही विजेनेच जातो. तो समजणारा डबा हवा, आणि काट्यांशी बोलणाराही. चार महिने त्यात गेले. शेवटी पुण्याचा एक मुलगा असा डबा घेऊन वाशीमला यायला तयार झाला.

इथे पुतण्या अडला. म्हणाला, "काका, मग ती बाबांची गाडी कशी राहील? चालवेल तर दुसरंच कुणीतरी."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. होती ती शकुंतला.

माझं बालपण कारंजाचं. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट आमच्या गावावरून जायची. पांढऱ्या सोन्यासाठी, म्हणजे कापसासाठी, किलिक-निक्सन कंपनीने ती घातली. तिला ओढणारं झेडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं, १९२३ पासून या मार्गावर. सत्तर वर्षं ते चाललं. परदेशातला कारखाना काय म्हणतो याची वाट कुणाला पाहावी लागली नसावी, कारण तशा इंजिनात झिजलेला भाग डोळ्यांनी दिसतो, हातात धरता येतो, मोजून लेथवर दुसरा करता येतो. त्याचं डोकं ड्रायव्हर आणि आगवाला यांच्या खांद्यावर होतं, ते निवृत्त होताना पुढच्याला देऊन जात.

१५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन काढलं आणि डिझेलचं लावलं. धूर गेला, शिट्टी बदलली. पण मूर्तिजापूरच्या फलाटावर कुणी म्हटलं नाही की ही शकुंतला नाही. लोक तिच्यातच बसले. गाडी बंद पडली ती पुढे, इंजिन बदलल्यामुळे नव्हे.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

पुण्याचा मुलगा दोन दिवस राहिला. मंगरूळपीरच्या रस्त्यावर तो लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसे आणि पुतण्या गाडी चालवी. मागच्या सीटवरून मला पडदा दिसायचा: सोळा ओळी, सोळा रकाने. ओळ इंजिनाच्या फेऱ्यांची, रकाना हवेच्या दाबाचा, आणि प्रत्येक घरात इंजिनात किती हवा मावते त्याचा आकडा. त्यावरून पेट्रोल ठरतं. पाढ्यांचा तक्ताच म्हणा ना! मुलगा सुरुवातीला मुद्दाम पेट्रोल जास्त ठेवी, मग धूर तपासत एकेक घर कमी करी. मी विचारलं, हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं त्याचं काय? म्हणाला, "सर, बरोबर विचारलंत. इथेनॉलला हवा कमी पुरते, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ते मी धरलंय." मास्तराला शाबासकी मिळाली की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टर्बोची ती बारीक शीळ पुन्हा ऐकू आली. पुतण्याने एका मैलाच्या दगडापाशी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून थोडा वेळ तसाच बसून राहिला. मी बाहेर बघत होतो.

पीयूसी मी सोबत जाऊनच करवून घेतलं. त्यात गाडी पास झाली. आता ती पत्र्याच्या शेडखाली उभी असते. त्या तक्त्याच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक पुतण्याकडे, एक मेकॅनिककडे. तिसरी मी कागदावर छापून घेतली आणि कपाटात भावाच्या पत्रांजवळ ठेवली. २५६ आकडे आहेत, एकदा सगळे वाचून काढले.