तगाईपासून थेट हस्तांतरणापर्यंत : सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी आणि महामारीकाळातील शासकीय साहाय्य

प्रस्तावना :
सोलापूर हा महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण जिल्हा होय. कोरडवाहू ज्वारी आणि अलीकडच्या काळातील ऊस, द्राक्षे, डाळिंब ही नगदी पिके यांवर येथील शेती उभी आहे. संकटकाळातील शासकीय साहाय्याचा या जिल्ह्याला दीर्घ अनुभव आहे. २०२० च्या कोविड महामारीत हे साहाय्य थेट बँक खात्यात जमा झाले. ते देताना शासनाने 'शेतकरी' कोणास मानले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी करण्यात आला. सावकारी पाशातून शेतकऱ्याची सुटका करणे हा त्याचा हेतू होता. पुढे १८८३ च्या कायद्याने जमीन सुधारणेसाठी, तर १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे व बैलांसाठी तगाई देण्याची तरतूद झाली. १९१८ मध्ये इन्फ्ल्युएंझाची साथ व अवर्षण ही दोन्ही संकटे दख्खनवर एकाच वेळी कोसळली. त्या काळी दुष्काळी कामे, सारा-तहकुबी व तगाई हीच सरकारची नेहमीची साधने होती. तगाई हे कर्ज होते आणि ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. मात्र १८८४ च्या कायद्यात जमिनीच्या मालकाबरोबर ती प्रत्यक्ष ताब्यात असणाऱ्याचाही उल्लेख होता, ही बाब लक्षणीय आहे.

२०२० मधील साहाय्य :
२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा द्राक्षांचा हंगाम सुरू होता. २६ मार्च रोजी केंद्राने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देण्याचे ठरले. ही रक्कम अतिरिक्त नव्हती. वार्षिक ६,००० रुपयांपैकीच एक हप्ता लवकर देण्यात आला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी भूमिअभिलेखात ज्यांच्या नावे लागवडयोग्य जमीन होती, तीच कुटुंबे सामान्यतः पात्र ठरली.

महामारी चालू असतानाच ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यातील पिके वाहून गेली. २३ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने १० हजार कोटींचे साहाय्य जाहीर केले. जिरायत व बागायत पिकांसाठी हेक्टरी १०,००० आणि फळपिकांसाठी हेक्टरी २५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत देण्याचे ठरले. पंचनाम्यानंतरची ही मदतही सातबाऱ्यावरील खातेदाराच्याच नावे निघते.

वाटेकऱ्याचा प्रश्न :
१९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला. परंतु कूळहक्क लागेल या भीतीने त्यानंतरची बटई बहुधा तोंडी राहिली. परिणामी बियाणे, खत व श्रम यांचा भार वाहणारा वाटेकरी कागदावर शेतकरीच ठरत नाही. द्राक्षबागेतील मजूर व ऊसतोड कामगार तर या गणनेबाहेरच राहतात.

समारोप :
तगाई ते थेट हस्तांतरण हा प्रवास दुहेरी आहे. कर्जाचे अनुदान झाले, परतफेडीचे ओझे गेले आणि मध्यस्थही दूर झाला, ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु लाभार्थी ठरविण्याचा आधार कसणुकीकडून नोंदीकडे सरकला. पुढील आपत्तीत साहाय्याची रक्कम वाढविण्याइतकेच महत्त्व वाटेकऱ्याची, मालकाच्या हक्कास बाध न येता, नोंद करण्यास द्यावे लागेल. अन्यथा नुकसान एकाचे आणि भरपाई दुसऱ्याची, हे चित्र कायम राहील.