उकिरड्याची वाफ

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघायचा. त्या दिवसांत पहाटे अशी थंडी पडायची की आम्ही पोरं गोठ्यामागच्या उकिरड्यावर जाऊन उभी राहायचो, पाय शेकायला. आज्जी शेणाची पाटी घेऊन आली की वरडायची, "उतरा खाली! उकरू नगा त्येला. वाफ गेली की कस गेला." आणि ढिगावर मातीचा हात फिरवायची.

कस म्हणजे काय, ते पुढं पुस्तकं वाचताना कळलं. शेण, मूत, चिपाडं कुजताना सूक्ष्म जीव ऊब तयार करतात आणि चांगला ढीग 60 अंशांच्या वर तापतो. दिसायची ती नुसती पाण्याची वाफ. डोळ्यांत झोंबायचा तो अमोनिया, म्हणजे आमच्या जोंधळ्याच्या वाट्याचं नत्र हवेत चाललेलं. पावसात खड्डा भरून तळाशी हवा कोंडली की मिथेन तयार होतो. त्याला ना रंग ना वास, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त उष्णता धरतो. नायट्रस ऑक्साइड थोडाच निघतो, त्याची ताकद 250 पटींच्याही वर.

याच वाटेनं शास्त्र आधीच गेलं होतं. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1931 साली आपली कंपोस्टची पद्धत पुस्तकात मांडली: काडीकचरा, शेण, राख यांचे थर, आणि त्यात गोठ्यातली मुताची माती. ती माती आज्जीही खरवडून टाकायची, कारण जनावराच्या नत्राचा मोठा भाग मुतातच जातो. फक्त हॉवर्ड-वाड ढीग उलथायला सांगत आणि आज्जी हात लावू देत नसे. दोघांचंही खरं होतं. उलथल्यानं हवा खेळते, मिथेन कमी होतो. पण चिपाडं कमी पडली तर अमोनिया भसाभसा निघून जातो.

मिथेन वाया न घालवता कोंडून वापरायची युक्तीही जुनीच. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 सालीच मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते. पुढं खादी ग्रामोद्योग आयोगानं गोबर गॅस खेडोपाडी नेला. आमच्या वस्तीवरही टाकी बसली. पाटीभर शेणाला बादलीभर पाणी लागायचं. एक-दोन वर्षं चूल निळ्या जाळावर पेटली, मग विहीर आटली. माणसांनाच टँकरची वाट बघावी लागत होती, टाकीला पाणी कुठलं? टाकी वाळून तडकली.

2013 साली दुष्काळात आमची जनावरं म्हसवडच्या छावणीवर होती. अक्षय तृतीयेला उकिरडा उपसायला गेलो. एरवी दहा-बारा गाड्या खत निघायचं, त्या साली दोन गाड्याही भरल्या नाहीत. आई काठाशी बसून म्हणाली, "जनावरं न्हाईत तर वाफ कशाची निघायची?"

जनावरं परत आली तेव्हा मी उकिरड्यावर पाचटाचं छप्पर घातलं. आता चिपाडं भरपूर घालतो, ढीग ओला करून उलथतो आणि वरून मातीचा थर देतो. रानात खत पसरलं की त्याच दिवशी कुळव घालतो. उन्हात ढिगुळ्या पडू देत नाही. थंडीत नाक जवळ नेऊन बघतो. झोंबलं, की अजून एक पाटी माती.