पद्मिनी मोटारगाडी

पद्मिनी मोटारगाडी : मुंबईतील कुर्ला येथे ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या कंपनीने तयार केलेली मध्यम आकारमानाची कौटुंबिक मोटारगाडी. इटलीतील फियाट कंपनीच्या ‘११०० डी’ या नमुन्यावर ती आधारलेली होती. भारतात तिचे उत्पादन १९६४ मध्ये सुरू झाले व २००० च्या सुमारास थांबले.

वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. प्रथम क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ इ. वाहने तेथे जुळविण्यात येत. पुढे फियाटशी करार झाला. प्रस्तुत गाडी आरंभी ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने विकली जाई. करार संपल्यावर ती अल्पकाळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी मात्र ‘फियाट’ हेच नाव टिकले.

रचना : गाडीच्या पुढील भागात १,०८९ घ. सेंमी. धारणशक्तीचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन असून त्याची शक्ती मागील चाकांना मिळे. गिअरचा दांडा सुकाणू चक्राखाली असल्याने पुढील आसन सलग ठेवता येई. यंत्ररचना साधी असल्याने सामान्य मिस्तरीही तिची दुरुस्ती करू शके.

परवाना पद्धतीमुळे देशात मोजक्याच कंपन्या मोटारगाड्या बनवीत. अँबॅसडर ही पद्मिनीची प्रमुख प्रतिस्पर्धी होती. मागणीच्या मानाने उत्पादन अपुरे असल्याने ग्राहकाला आगाऊ नोंदणी करून काही वर्षे वाट पाहावी लागे. खपाची अशी हमी असल्यामुळे मूळ आराखड्यात फारशी सुधारणा झाली नाही. १९८३ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने ‘मारुती ८००’ बाजारात आली आणि ही स्थिती पालटली. प्रीमियरनेही १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात जपानी निस्सान एंजिन बसवून ‘११८ एनई’ ही गाडी काढली. १९९३ मध्ये मोटार-उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठल्यावर स्पर्धा वाढली. १९९६ मध्ये डीझेल एंजिनाची पद्मिनी निघाली. तथापि तिचा ऱ्हास थांबला नाही.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी कारखान्यापेक्षा अधिक काळ टिकली. आटोपशीर आकार व सुलभ दुरुस्ती यांमुळे टॅक्सीचालकांनी तिला पसंती दिली होती. पुढे टॅक्सींच्या वयावर वीस वर्षांची मर्यादा आली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदविलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीतून ही गाडी नाहीशी झाली.