सोनमाशाचं पाणी

मराठीत त्याला सोनमासा म्हणायला मला आवडेल. पण दुकानात जाऊन सोनमासा मागितला तर पोरगा तोंडाकडे बघत राहील. तेव्हा गोल्डफिशच म्हणू. हा मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला, म्हणजे त्रेचाळीस वर्षं जगला. आपल्याकडे मात्र हौसेनं आणलेला मासा पंधरवड्यात उलटा होऊन तरंगतो. मग कुणीतरी समजूत घालतं : घरावर संकट येणार होतं, ते माशानं अंगावर घेतलं. ही समजूत फार सोयीची आहे. संकट टळलं म्हटलं की पाण्याची चौकशी करायला नको. आणि माणूस हा मासा जगवायला कसा शिकला, याचा इतिहास म्हणजे पाण्याच्या चौकशीचाच इतिहास.

त्याची सुरुवात चीनमध्ये झाली. गोल्डफिश हा कार्प कुळातला, आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा भाऊबंद. मूळचा रंग करडा-हिरवट. त्यात क्वचित एखादा तांबूस-पिवळा निपजे. पण नदीत असा मासा बगळ्याच्या नजरेत आधी भरतो. बौद्ध मठांच्या तळ्यांत पुण्य म्हणून जिवंत मासे सोडायची चाल होती, तिथं या रंगीत माशांना अभय मिळालं. पुढं सुंग राजवटीत हांगचौ शहरात राजवाड्यापासून शहरापर्यंत त्यांचं वेड पसरलं. तेराव्या शतकाच्या आरंभी यूए के या लेखकानं नोंदवून ठेवलंय, की मासे सोनेरी करणारे लोक आपली विद्या कुणाला सांगत नसत. लोकांत मात्र बोलवा होती, की शहरातल्या गटारांतले बारीक लाल किडे शंभर दिवस खाऊ घातले की कुठलाही मासा सोनेरी होतो. रंगाची गोष्ट भाबडी आहे, पण खाद्याची पारख खरी. तोच सांगतो, वू शी नावाचा सेनानी सिचुआनला परतला तेव्हा तीन मोठ्या नावा तळ्याच्या पाण्यानं भरून त्यांतून मासे घेऊन गेला. वाटेत नदी होतीच की! तरीही त्यानं पाणी घरचं नेलं.

मिंग काळात मासा तळ्यातून मातीच्या कुंडांत आला, अंगणात आणि घरात आला. १५९६ साली च्यांग छ्येन-द नावाच्या विशीतल्या तरुणानं गोल्डफिशवर एक छोटं पुस्तकच लिहिलं. आदल्याच वर्षी तो फुलदाणीत फुलं कशी मांडावीत यावर लिहून मोकळा झाला होता, असा रसिक. त्याची पद्धत अशी, की दर उन्हाळ्यात हजारोंनी मासे विकत घ्यायचे, डझनावारी कुंडांत वाढवायचे, आणि रोज त्यातले न आवडलेले काढत जायचं. शेवटी शंभरात एक-दोन उरतात. त्या उरलेल्यांच्या आजच्या वंशाची पंख्यासारखी शेपटी आणि फुगीर डोळे पाहताना मला ते अठ्ठ्याण्णव आठवतात. सौंदर्याचा हिशेब कवींनी फारसा मांडलेला नाही, आम्ही जमेची बाजूच लिहितो.

सतराव्या शतकात गोल्डफिश युरोपात पोचला. लंडनला १७४७ साली होरेस वॉलपोल यांचं मांजर गोल्डफिशच्या चिनी भांड्यात पडून मेलं आणि त्यावर थॉमस ग्रे यांनी कविता केली. मांजर अमर झालं, मासे शोभेपुरते राहिले.

खरी उलगड झाली १८५०च्या सुमारास. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञानं बारा गॅलनांच्या काचपात्रात अर्ध्यापर्यंत पाणी भरून दोन छोटे गोल्डफिश सोडले, सोबत व्हॅलिसनेरिया हे पाणगवत लावलं. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण गवताची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यानं पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं, वर त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि काचेच्या पेटीचं वेड घराघरांत शिरलं.

तरी एक दुवा राहिलाच होता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि तोच त्याचं विष. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूतून झिरपवून दाखवलं, की अमोनियाचं रूपांतर सूक्ष्मजीव करतात. १८९०च्या आसपास विनोग्राद्स्कीनं ते जीवाणू वेगळे काढले. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी त्याचं नायट्रेट करते, ते त्या मानानं निरुपद्रवी. नव्या टँकमध्ये हे जीवाणू नसतात. ते जमायला चार-सहा आठवडे लागतात. पंधरवड्यात मेलेल्या माशावर बहुधा आलेलं संकट ते हेच.

त्यात गोल्डफिशला जठर नसतं. तो दिवसभर खात राहतो आणि तितकीच घाण करतो. गोल बाउल त्याच्यासाठी सर्वांत वाईट : पाणी थोडं, तोंड अरुंद, म्हणजे हवेशी गाठ कमी. २००५ साली रोम शहरानं गोल भांड्यात मासे ठेवायलाच बंदी घातली. मुंबईत आपले पारशी शेजारी जमशेदी नवरोजच्या मेजावर बाउलमध्ये गोल्डफिश ठेवतात, इराणी घरांतही ठेवतात. एका दिवसाची शोभा म्हणून हरकत नाही. दुसऱ्या दिवशी तो मासा कुठं जाणार, हे आधी ठरलेलं असावं.

घरी ठेवायचाच तर लांबट, मोठा टँक घ्यावा, आणि आधी एकच मासा आणावा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं. नळाचं असेल तर उघड्या बादलीत रात्रभर ठेवून, म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो. सगळं पाणी एकदम काढून टँक घासूनपुसून लख्ख करण्याचा उत्साह आवरावा. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, जीवाणू त्यातच वस्तीला असतात. टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्यावा.