नोरोन्हा घराणे

नोरोन्हा : पोर्तुगालमधील एक बडे सरदार घराणे व त्यावरून रूढ झालेले आडनाव. गोवा आणि मंगळूरकडील ख्रिस्ती समाजात ते आजही सर्रास आढळते. नाव पोर्तुगीज म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचा उगम उत्तर स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील नोरेन्या या जहागिरीच्या गावात आहे.

घराण्याचा मूळपुरुष आल्फोन्सो एनरीकेस हा कॅस्टीलचा राजा दुसरा एनरीके याचा अनौरस पुत्र. नोरेन्या आणि हिखोन ही त्याची ठाणी. त्याची पत्नी इझाबेल हीदेखील अनौरसच, पोर्तुगालचा राजा पहिला फेर्नांदू याची मुलगी. १३७३ च्या तहात दोन्ही राजांनी ही सोयरीक जुळवली. वर मुळीच राजी नव्हता. बापाच्या धाकाने कसाबसा बोहल्यावर चढला. पुढे सावत्र भाऊ पहिला हुआन गादीवर येताच आल्फोन्सोने बंडांमागून बंडे केली. परिणामी १३८३ मध्ये नोरेन्या जप्त होऊन ओव्हिएदोच्या बिशपकडे गेले, आणि तिथले बिशप थेट विसाव्या शतकापर्यंत ‘नोरेन्याचा काउंट’ हा किताब मिरवत राहिले. हिखोनचा शेवटचा वेढा इझाबेलने झुंजवला. १३९५ मध्ये ठाणे सोडताना तिने ते पेटवून दिले, असे सांगतात. जहागीर गेली, तिचे नाव तेवढे मुलांना उरले.

पोर्तुगालचा तेव्हाचा राजा पहिला जुआंव हा इझाबेलचा सावत्र काका. त्याच्या आश्रयाने ही भावंडे वर आली. पेद्रू लिस्बनचा आर्चबिशप झाला. सांशूला ओदेमिराची काउंटकी मिळाली. कोंश्तांसा ब्रागांसाच्या पहिल्या ड्यूकची दुसरी पत्नी झाली. आर्चबिशपलाही मुले होती. राजाने ती औरस ठरवली आणि त्यांच्यापासून घराण्याच्या आणखी शाखा फुटल्या. भावंडांपैकी फेर्नांदूने सेउताचा पहिला पोर्तुगीज किल्लेदार पेद्रू द मेनेझेस याची मुलगी बेयात्रिश हिच्याशी लग्न केले आणि तिच्यामार्फत व्हिला रेआलची काउंटकी मिळवली. त्याच्या वंशजांनी मेनेझेस हे आडनावही चालवले. त्यामुळे या वंशावळीत बाप नोरोन्हा आणि मुलगा मेनेझेस असे वारंवार दिसते. वाचणाऱ्याने गोंधळून जाऊ नये. घराण्याच्या ढालचिन्हात पोर्तुगालचे राजचिन्ह आणि कॅस्टील-लिओनचे किल्ला व सिंह शेजारी शेजारी आहेत. दोन्ही बाजू अनौरस असल्या, तरी राजरक्ताचा दावा कुणी सोडला नाही.

व्हिला रेआलची शाखा १४८९ मध्ये मार्क्विसपदाला पोचली आणि १६४१ मध्ये बुडाली. स्पेनपासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याच्याविरुद्धच्या कटात सातवा मार्क्विस आणि त्याचा मुलगा, कामिन्याचा ड्यूक, दोघेही सापडले. २९ ऑगस्ट १६४१ रोजी लिस्बनच्या रोसिऊ चौकात बापलेकांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या जप्त मालमत्तेतून पुढे राजाच्या धाकट्या मुलासाठी स्वतंत्र दौलत उभी करण्यात आली. आर्कुश आणि आंझेझा या शाखा मात्र टिकल्या. ब्राझीलचा अखेरचा व्हाइसरॉय (१८०६–०८) आर्कुशचा आठवा काउंट होता.

गोव्याच्या इतिहासात हे नाव पुन्हा पुन्हा येते. आफोंसू द आल्बुकेर्कचा भाचा गार्सिया १५३८ मध्ये व्हाइसरॉय झाला आणि १५४० मध्ये गोव्यातच वारला. आफोंसू (१५५०–५४), आंतांव (१५६४–६८) आणि आंतोनिऊ (१५७१–७३) हेही याच आडनावाचे व्हाइसरॉय. आंतांवच्या कारकिर्दीत सासष्टीतील देवळे पाडली गेली. लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्हा (१६२९–३५) याने पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये खाजणातून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बंधारा-पूल बांधवला. जांभ्या दगडाच्या कमानींचा हा ‘पोंत द लिन्यारिश’ आजही वाहतुकीला आहे.

ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या फेर्नांदू द नोरोन्हा बेटाचा या वंशाशी संबंध नाही. बेट ज्याच्या नावाने ओळखले जाते तो फेर्नांव द लोरोन्या हा लिस्बनचा व्यापारी होता, ब्राझीललाकडाच्या मक्त्यावर गबर झालेला. नावाच्या साम्यामुळे घोटाळा झाला, इतकेच.

गोमंतकीय नोरोन्हांनाही या सरदारांचे वंशज समजण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता, पाद्री किंवा एखादा अधिकारी यांचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबाला मिळत असे. एकाच वेळी बाटलेल्या वेगवेगळ्या जातींच्या घरांना एकच आडनाव पडल्याची आणि एकाच कुळाच्या दोन शाखांना दोन आडनावे मिळाल्याची उदाहरणे गोव्यात भरपूर आहेत. त्यामुळे आपले मूळ शोधू पाहणाऱ्या नोरोन्हाने लिस्बनच्या वंशावळी चाळण्याआधी आपल्या गावच्या इगर्जीतील बाप्तिस्म्याची वही आणि गावकरीचे दप्तर पाहावे.