भोयाला ठाऊक असलेली वाट : चेन्नईतील नकाशाची सव्वादोनशे वर्षे

१० एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. १८०२ साली याच दिवशी मद्रास शहराच्या दक्षिणेस, सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या पायथ्याशी, विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने एका सरळ रेषेच्या मोजणीस प्रारंभ केला. रेषेचे दुसरे टोक पेरुंबाक्कम येथील टेकडीजवळ होते. साडेसात मैलांची ही रेषा म्हणजे पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायारेषा होय. आज भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, वापरणारे अभियंते, वनाधिकारी, आरोग्य अधिकारी आणि नगररचनाकार परिषदांमधून आपापली कामे पडद्यावर मांडतात, तेव्हा ‘या नकाशाचा प्रत्यक्ष उपयोग काय?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो मद्रासमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. त्या प्रश्नाचा आणि त्याच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा हा इतिहास आहे.

प्रथम मोजणीची रीत पाहू. लॅम्ब्टनजवळ शंभर फूट लांबीची पोलादी साखळी होती. ती जमिनीवर टाकून चालणार नव्हते; खाचखळग्यांमुळे लांबी चुकली असती. म्हणून तिवयांवर लाकडी पेट्या ठेवून साखळी त्यांत ताणली जाई. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. त्यासाठी शेजारी तापमापक ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती करावी लागे. अशा तऱ्हेने, एप्रिल-मेच्या उन्हात, साखळी सुमारे ४०० वेळा उचलून पुढे मांडली गेली. एवढा खटाटोप कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असतील तर उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. मग त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. पहिली रेषा अचूक असेल तर साखळी पुन्हा पुन्हा न अंथरता केवळ कोन मोजत सारा देश ओलांडता येतो. परंतु पहिल्या रेषेतील चूकही त्याच वेगाने देशभर पसरते.

या कामाच्या खर्चावरून मद्रासच्या वित्त समितीत आक्षेप निघाला. एका सदस्याच्या म्हणण्याचा आशय असा होता, की श्रीरंगपट्टणला जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाने आपल्या पालखीच्या मुख्य भोयाला तसे सांगावे. लॅम्ब्टनच्या नकाशावाचूनही तो त्याला बिनचूक पोहोचवील. सर्वेक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा नोकरशाहीच्या अज्ञानाचा मासला म्हणून सांगितला जातो. लॅम्ब्टनच्या बाजूने उत्तरही भक्कम होते. मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची मालिका पुरी झाली तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली. भोयाला वाट ठाऊक होती. परंतु देशाची रुंदी त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तरीही त्या सदस्याच्या बोलण्यात नकळत एक खरी गोष्ट आली होती. नकाशा नसतानाही त्या भूमीचे ज्ञान अस्तित्वात होते. ते भोयाच्या पायांत होते, गावकऱ्याच्या स्मरणात होते, तलावाची राखण करणाऱ्याच्या अंदाजात होते. लॅम्ब्टनचा नकाशा या माणसांसाठी नव्हता. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव होऊन म्हैसूरचा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला होता. महसूल ठरवणे, फौजा हलवणे आणि सीमा आखणे यासाठी कंपनी सरकारला विश्वसनीय मापे हवी होती. लॅम्ब्टनला स्वतःला पृथ्वीच्या आकाराचे शास्त्रीय कोडे सोडवायचे होते. नकाशाचे वापरकर्ते दोनच होते, एक सत्ता आणि दुसरे विज्ञान. साखळी उचलणाऱ्यांचा आणि निशाण घेऊन टेकड्या चढणाऱ्यांचा त्या यादीत समावेश नव्हता.

मराठी वाचकाला या कथेत दोन ओळखीची ठिकाणे भेटतात. पहिले तंजावर. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या नाहीत आणि नारळीच्या बागांमुळे दूरचे दिसत नाही. म्हणून सर्वेक्षकांनी देवळांच्या उंच शिखरांचा आधार घेतला. १८०८ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवला जात असताना दोर तुटला आणि ते महाकाय यंत्र भिंतीवर आदळले. कोन मोजण्याचे त्याचे वर्तुळच वाकडे झाले. लॅम्ब्टनने सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा आकारात आणले. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते. याच मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. एका वास्तूवर पाच वर्षांच्या अंतराने दोन प्रकारच्या नोंदी झाल्या. एक राजवंशाची स्मृती होती, दुसरी भूमीचे माप.

दुसरे ठिकाण आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टनचा तेथे मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. मद्रासच्या समुद्रकाठी सुरू झालेली त्रिकोणांची साखळी तोवर विदर्भापर्यंत आली होती. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले.

मद्रासमध्ये मात्र सर्वेक्षणाची परंपरा शिक्षणाच्या रूपाने टिकली. येथे १७९४ मध्ये, म्हणजे लॅम्ब्टनच्याही आधी, अवघ्या आठ विद्यार्थ्यांना घेऊन सर्वेक्षण शाळा निघाली होती. तीच वाढत जाऊन गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली आणि १९७८ पासून अण्णा विद्यापीठाचा भाग बनली. जेथे साखळीने जमीन मोजणे शिकवले जाई, त्याच परंपरेत पुढे उपग्रहचित्रे वाचण्याचे शिक्षण सुरू झाले. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेल्यावर या अभ्यासाला स्वदेशी चित्रांचा आधार मिळाला.

उपग्रहचित्र आणि जीआयएस यांत भेद आहे. चित्र दिसते ते दाखवते. जीआयएस एकाच ठिकाणाविषयीच्या अनेक नोंदी एकमेकींवर बसवते. जमिनीची उंची हा एक थर, नाल्यांचा दुसरा, घरांचा तिसरा, सातबाऱ्यासारख्या मालकी नोंदींचा चौथा. सर्व थरांचे अक्षांश-रेखांश जुळले की संगणकाला विचारता येते, ‘नाल्यापासून शंभर मीटरच्या आत आणि समुद्रसपाटीपासून पाच मीटरांहून खाली किती घरे आहेत?’ १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमीनवापराच्या नोंदींसाठी अशी प्रणाली प्रथम उभारली. १९८१ मध्ये अमेरिकेतील एस्री या कंपनीने आपल्या संगणक-प्रणालीच्या वापरकर्त्यांना एकत्र बोलावले, तेव्हा मूठभर माणसे जमली होती. आता त्या परिषदेला हजारोंची गर्दी असते आणि तशा परिषदा भारतासह अनेक देशांत भरतात.

या परिषदांचे मोठेपण असे, की तेथे प्रणाली बनवणाऱ्यापेक्षा ती वापरणारा अधिक बोलतो. वीजवाहिनीची देखभाल, रुग्णांची नोंद, वणव्याचा माग, पाणीगळतीचा शोध ही सारी कामे तेथे मांडली जातात. परंतु या सादरीकरणांची एक खोडही आहे. पडद्यावर येतो तो यशस्वी नकाशा. त्यातील थर कोठून आले, ते किती जुने आहेत, त्यांना नावे कोणी दिली, हे प्रश्न वेळेअभावी मागे राहतात. या प्रश्नांची किंमत किती असते, हे चेन्नईने २०१५ मध्ये अनुभवले.

१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसात तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम जलाशयातून मोठा विसर्ग करावा लागला, अड्यार नदी पात्राबाहेर आली, विमानतळ अनेक दिवस बंद पडला. त्या पावसाळ्यात तमिळनाडूत शेकडो माणसे दगावली. शहराचे नकाशे होते, उपग्रहचित्रेही होती. परंतु कोणत्या रस्त्यावर आत्ता पाणी आहे, याचे उत्तर त्यांच्यात नव्हते. तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या आधारे स्वयंसेवकांनी एक साधा नकाशा खुला केला. आपल्या भागातील पाणी भरलेल्या रस्त्यावर कोणीही बोट ठेवावे आणि तो रस्ता रंगून जावा, एवढीच त्याची रीत. थोड्याच दिवसांत लोकांनी हजारो रस्ते नोंदवले. ज्याला गल्लीतील पाणी डोळ्यांसमोर दिसत होते, त्याची माहिती अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत येऊन बसली. वित्त समितीच्या सदस्याने ज्याला नकाशाचा पर्याय ठरवले होते, तो भोई आता स्वतःच नकाशा काढत होता.

अशा नोंदींनाही मर्यादा असतात. जेथे वीज आणि मोबाइल आहे तेथून त्या अधिक येतात. सर्वांत गरजू वस्ती बहुधा मुकी राहते. एकाची चूक दुसऱ्याने दुरुस्त करीपर्यंत ती नकाशावर उभी असते. तरीही संकटाच्या घटकेला शासकीय थर आणि रहिवाशांचे ज्ञान यांची सांगड घालता येते, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले.

पूर ओसरल्यावर मात्र अधिक जुना प्रश्न वर आला. दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे जादा पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरते आणि तेथून ओक्कियम मडुवू या प्रवाहाने समुद्राकडे जाते. कधीकाळी ही दलदल सुमारे ५,००० हेक्टरांवर पसरलेली होती. तिचा दहावा हिस्सा जेमतेम उरला. कचरा डेपो, रस्ते, रेल्वे, संगणक उद्योगांच्या इमारती, सरकारी संस्था आणि वसाहती तिच्यावर उभ्या राहिल्या. यामागे लोभ आणि दुर्लक्ष होतेच. परंतु एका शब्दाचाही त्यात वाटा होता. महसुली नोंदींत या दलदलीची गणना पडीक जमिनीत होत आली. जेथे पीक नाही आणि सारा नाही, ती जमीन निरुपयोगी, हे महसूल गोळा करणाऱ्या राज्याच्या दृष्टीने सुसंगत होते. पाणी साठवून शहर वाचवणे हा उपयोग त्या वहीत लिहिण्यास रकानाच नव्हता. वहीतील नोंद नकाशात गेली, नकाशा संगणकात गेला. थराची सीमा मीटरपर्यंत अचूक झाली, तरी त्यावरील ‘पडीक’ हे नाव शंभर वर्षांपूर्वीचेच राहिले. २०२२ मध्ये पळ्ळिकरणैचा रामसर यादीत समावेश झाला आणि सुमारे १,२४८ हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असे नाव मिळाले.

२०१५ च्या पुरातून विज्ञानानेही धडा घेतला. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास आणि अण्णा विद्यापीठ यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये शहरासाठी पूरइशारा प्रणाली सिद्ध केली. पावसाचा अंदाज, भरतीची उंची, नद्यांचे प्रवाह आणि जमिनीचा उंचसखलपणा एकत्र करून कोणत्या प्रभागात किती पाणी साचेल हे ती आधी सांगू पाहते. याच धर्तीवर जून २०२० मध्ये मुंबईसाठी आयफ्लोज ही प्रणाली सुरू झाली. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास काय होते, हे मिठी नदीकाठच्या मुंबईकराला २६ जुलै २००५ पासून सांगावे लागत नाही. चेन्नईतील संशोधन केंद्राचा पत्ताही बोलका आहे. ते पळ्ळिकरणैतच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आले, तेव्हा वेळाचेरी, पळ्ळिकरणै आणि पेरुंबाक्कम पुन्हा पाण्यात गेले. पेरुंबाक्कम म्हणजे १८०२ च्या पायारेषेचे दक्षिण टोक. तेथे आज उंच पुनर्वसन वसाहती आहेत. २०१५ च्या पुरानंतर नदीकाठच्या झोपड्यांतून हलवलेली अनेक कुटुंबे तेथे राहतात. पुरापासून वाचवण्यासाठी ज्यांना हलवले, त्यांना दलदलीच्या काठी घरे मिळाली. भारतातील सर्वांत काळजीपूर्वक मोजलेल्या भूखंडांपैकी हा एक आहे. त्याची लांबी फुटाफुटाने ठाऊक होती, उंचीही ठाऊक होती. घरे कोठे बांधावीत हे ठरवताना त्या थरांकडे कोणी पाहिले आणि तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले, यावर सारे अवलंबून होते.

म्हणून जीआयएस शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या परिषदेत आपला नकाशा मांडताना, अथवा दुसऱ्याचा पाहताना, तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. या थराला हे नाव कोणी आणि कोणत्या हेतूने दिले? तो शेवटचा कधी तपासला गेला? आणि या नकाशावर ज्यांची घरे आहेत, त्यांना त्यातील चूक दाखवून देण्याची सोय आहे काय? लॅम्ब्टनने तापलेल्या साखळीचे प्रसरणही हिशेबात धरले होते. तीच काटेकोर दक्षता आता थरांच्या नावांबाबत आणि त्यांतून वगळल्या गेलेल्या माणसांबाबत बाळगायची आहे. श्रीरंगपट्टणची वाट भोयाला ठाऊक होती. पेरुंबाक्कमच्या रहिवाशालाही पाणी प्रथम कोणत्या जिन्याशी चढते ते ठाऊक आहे.