खोट्या बातम्यांचा यांत्रिक शोध : मराठी आणि वऱ्हाडी

मजकूर खरा की बनावट, हे डीप लर्निंगच्या साहाय्याने ओळखण्याचे तंत्र. ‘खरा’ किंवा ‘खोटा’ असा शिक्का मारलेले हजारो मजकूर प्रारूपाला शिकवले जातात. नवा मजकूर कोणत्या गटाच्या वळणाचा आहे, याचा ते पुढे अंदाज बांधते. म्हणजे त्याच्यासमोर असते ती भाषा, घडलेली घटना नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि तोंडोतोंडी पसरते. तिला ना मथळा असतो, ना वार्ताहर. म्हणून वृत्तपत्री मराठीवर मिळवलेले गुण या तंत्राच्या उपयोगाचा पुरावा ठरत नाहीत. त्याची खरी कसोटी वाशीमसारख्या जिल्ह्यातल्या वऱ्हाडी बोलीत आहे.

पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे २.४८ कोटी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ आणि त्यावर शिकवलेले ‘महाबर्ट’ हे भाषा-प्रारूप खुले केले. मराठीसाठी हे मोलाचे काम आहे. मात्र त्या वाक्यांत मोठा वाटा बातम्यांचा, म्हणजे प्रमाण मराठीचा आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘मुले पळवणारी टोळी’ वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावकडे ‘पोट्टे पयवनारी टोयी’ होते. ‘पयवनारी’ हा शब्द प्रारूपाच्या कोशात नसला की ते त्याचे तुकडे पाडते, आणि धोक्याची खूण त्या तुकड्यांत विरते. याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात, बंजारा समाजाची गोरबोलीही बोलली जाते. तिचा लिखित साठा तर आणखी तुटपुंजा. गुगलच्या ‘मुरिल’सारखी बहुभाषी प्रारूपे ही उणीव भरून काढतील, असे म्हटले जाते. रोमन लिपीत टंकलेली मराठी ‘मुरिल’ला काही अंशी उमगते, कारण तसा मजकूर त्याला शिकवलेला आहे. बोलीला मात्र लिपी बदलून भागत नाही, तिची वाक्येच गोळा करावी लागतात.

मग वऱ्हाडी वाक्ये जमवली की प्रश्न सुटला का? अर्धाच. ‘मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा आहे, विश्वास ठेवू नका’ या खुलाशात अफवेतले जवळपास सगळे शब्द आहेत. नुसते शब्द मोजणारी जुनी पद्धत इथे फसते. ‘महाबर्ट’सारखी बर्टच्या घराण्यातली प्रारूपे ‘अफवा’ आणि ‘नका’ यांचा संदर्भ धरतात, हे त्यांचे खरे बळ. पण उद्या कोणी पोलिसांच्या नावाने, त्यांच्याच भाषेत खोटे आवाहन लिहिले, तर वळण ओळखणारे यंत्र त्याला खरे म्हणेल. त्यामुळे निकालाआधी प्रारूपाने संबंधित ठाण्याचे निवेदन शोधून दाव्याशेजारी ठेवले पाहिजे. माणूस हेच करील, मग यंत्र कशाला, हा आक्षेप वेगापुढे टिकत नाही: शेकडो संदेशांतून एकच दावा वेगळा काढायला माणसाला वेळ लागतो, आणि जमाव तेवढा थांबत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कूटबद्ध असल्याने वाचकाने स्वतः तपासणीस पाठवलेलाच मजकूर यंत्रापर्यंत पोचतो. त्यातही बहुधा गावाचे नाव नसते, तारीख नसते. असते ते ‘काल रात्री’, आणि संदेश पुढे गेला की ती रात्र पुन्हा कालचीच होते.